सीम बांधलेला दिवस

समता फायलींची पिशवी घेऊन निघाली, तर गावाच्या तोंडाशी रस्त्यावर दोरी आडवी बांधलेली. तिला आंब्याच्या डहाळ्या खोचल्या होत्या. अलीकडे मंगल आणि आणखी काही बायका बसल्या होत्या.

"मॅडम, आज सीम बांधलीया," मंगल म्हणाली. "दिस मावळूस्तवर कुणी आत न्हाय, कुणी भाईर न्हाय. काल दवंडी झाली की."

काल समता अंधार पडल्यावर बेळगावहून परतली होती. तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

ती निपाणीची. आईनं विड्या वळून तिला शिकवलं, परीक्षा देऊन ती पीडीओ, म्हणजे पंचायतीची विकास अधिकारी झाली आणि खानापूर तालुक्यातल्या या गावची पंचायत तिच्याकडे आली. पंचायतीत लोक सही-शिक्क्यापुरते यायचे. बांधाची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या, सगळं देवळापुढच्या कट्ट्यावर गावकी मिटवायची. गावकीचे म्होरके भावकू आप्पा. दोन घरमालकांनी आडनाव विचारून समताला खोली नाकारली, तेव्हा आप्पांनीच शब्द टाकून तिला जागा मिळवून दिली होती.

आज बेळगावात पाणी योजनेची शेवटची बैठक होती. ज्या गावचा पीडीओ हजर नसेल, त्या गावाचं नाव गळणार होतं. उन्हाळ्यात विहीर आटली की याच मंगलला ओढ्यावरून घागरी आणाव्या लागत.

समता तडक कट्ट्यावर गेली. "आप्पा, मला एकटीला सोडा. पाणी तुमच्याच गावाला येणार आहे."

आप्पांनी पंचांना बोलावलं, गुरवाला कौल लावायला सांगितला. देवीच्या डाव्या अंगाची कळी पडली, म्हणजे नकार. आप्पांचा चेहरा उतरला.

"माज्या हातात न्हाय, बाई. आजवर माज्या घरातल्या कुणी हे मोडल्यालं न्हाय. तुमी गेलासा तर तुमाला कोण धरणार न्हाय. जायाचं का ऱ्हायाचं, तुमचं तुमी बघा."

तिनं तालुक्याच्या साहेबांना फोन लावला. "तुम्ही सरकारी नोकर आहात," ते तडकले. "दोरी तोडा आणि या. नाहीतर पोलीस पाठवतो."

"पोलीस नकोत, साहेब," ती घाईनं म्हणाली.

ती पुन्हा दोरीपाशी आली. दोरी गुडघ्याएवढीच उंच होती. तिच्या घरी देवीला कुणी मानत नव्हतं. निपाणीत असती तर हसत ओलांडून गेली असती. पण उद्या कुणाचं पोर तापलं, कुणाची म्हैस मेली, तर बोट तिच्याकडे वळणार. आणि तिच्या एकटीकडे नाही. 'त्यांच्यातली ती' असं म्हणत वळणार. पंचायतीची पायरी मग कोण चढणार? बायका तिच्या पायांकडे बघत होत्या. पलीकडे थांबलेली वडापची जीप हॉर्न वाजवून निघून गेली.

समता खोलीवर परतली. दुपारी मंगलनं भाकरी आणून दिली. "आमच्यातल्याच झालासा बगा," ती मायेनं म्हणाली. समतानं भाकरी झाकून ठेवली.

योजना दुसऱ्या गावाला गेली. समताला कारणे दाखवा नोटीस आली, आणि आईजवळ जाण्यासाठी तिनं केलेला बदलीचा अर्ज चौकशीच्या नावाखाली बाजूला पडला.

उन्हाळ्यात ग्रामसभा भरली. मंगल उभी राहिली. "पाणी कुटं अडलं?"

आप्पा खाली मान घालून म्हणाले, "मॅडमास्नी इचार. त्या दिवशी त्या गेल्या न्हाईत."

सगळे समताकडे वळले. आप्पा मान वर करतील म्हणून तिनं वाट पाहिली. त्यांनी केली नाही.

"हो," ती म्हणाली. "मी गेले नाही."

मंगल काहीतरी बोलणार होती. मग तिनं आप्पांकडे पाहिलं, डोईवरचा पदर नीट केला आणि खाली बसली. समतानं पुढचा विषय वाचायला घेतला.