द्राक्षरसावरची वलयं

इवल्याशा पेल्यातला द्राक्षरस आधी थरथरला. काठापासून मध्याकडे बारीक वलयं सरकली, आणि मग कुठे रस्त्यावरच्या जड गाडीची घरघर ऐकू आली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी बाटली धरलेला हात रोखला. हादरा जमिनीतून येतो, आवाज हवेतून. हादरा आधी पोचतो. कारण माहीत होतं, तरी त्यांनी खिडकीकडे पाहिलंच.

चर्चच्या मागच्या खोलीत त्या प्रभुभोजनाचे, उपासनेत प्रत्येकाला द्यायचे पेले भरत होत्या.

"किती भरताय, बाई?" घंटा वाजवणारे आजोबा दारातून डोकावले. "निम्मे पुरेत. नाक्यापर्यंत टायर जळताहेत. आज एक तर खरे भक्त येतील, नाहीतर घरात बायको ओरडते म्हणून पळालेले."

"तुम्ही कुठल्यातले?"

"माझी तर वर जाऊनही ओरडते!"

बाई हसल्या, पण हात हलेना. कारखान्यातला संप चिघळल्यापासून त्या पेले भरत आणि तबक समोर आलं की, मनात अढी ठेवून घेऊ नये म्हणून, स्वतः न घेता शेजारी सरकवत. संपवाल्यांच्या दगडाने त्यांच्या नवऱ्याचं कपाळ फुटलं होतं, आणि त्या जमावात त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. बाळ्या. दगड त्याचाच होता का, हे कुणी छातीठोकपणे सांगेना. नंतर तो दोनदा दाराशी आला. बाईंनी कडी काढली नाही. आधी खरं काय ते कळू दे, मग क्षमेचं बघू, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या. प्रार्थनेत 'आम्ही अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की त्यांचे ओठ आपसूक मिटत.

मागचं दार धाडकन उघडलं. बाळ्याची बायको. एका पायात चप्पल नव्हती.

"ताई, मालकाची माणसं घराघरात शिरून संपवाल्यांना शोधताहेत. हे शेजारच्या गोदामात लपलेत, पोत्यांमागे. तुमच्याशिवाय कुणाचं दार वाजवू?"

"आधी बस. पाणी घे."

"पाणी नको. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

बाईंनी बाटलीला झाकण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"दगड त्यानेच मारला होता?"

"शंभरदा विचारलं मी. म्हणतात, फेकला होता. कुणाला लागला ते धुरात दिसलं नाही." तिने डोळे पुसले. "खोटंच बोलायचं असतं तर जरा बरं नसते का बोलले, ताई?"

आवाज ऐकून बाईंचा नवरा आत आला. भुवईवरचा व्रण अजून लालसर होता. त्याने दोघींकडे पाहिलं.

"त्याला घरी आणलं तर आपल्या खिडक्या राहायच्या नाहीत."

"आणि नाही आणलं तर?"

"तर राहतील." त्याने व्रणावरून बोट फिरवलं. "टाके माझ्या कपाळाला पडले, ओढ मात्र तुलाच बसतेय गं. मी केव्हाच सोडून दिलंय ते. तुझ्यासाठीच थांबलोय."

पुढे चर्चमध्ये भजन सुरू झालं. मोजक्याच गळ्यांचं, वर चढताना डगमगणारं. पेल्यांत पुन्हा वलयं उठली. या वेळी गाडी नव्हती. रस्त्यावर पुष्कळ पाय धावत होते.

बाईंनी रस स्थिर व्हायची वाट पाहिली. तो होईना. त्या धुरात काय घडलं ते आता कधीच कळणार नव्हतं. हा प्रयोग पुन्हा करून बघता येणारा नव्हता. आणि प्रार्थनेच्या त्या ओळीत पुराव्याची अट कुठेच नव्हती. ती अट त्यांची स्वतःची होती.

त्यांनी बाटली आजोबांच्या हातात दिली.

"उरलेले तुम्ही भरा. माझा एक बाजूला ठेवा." मग त्यांनी स्वतःच्या चपला काढून भावजयीपुढे सरकवल्या. "घाल या आणि चल. बाळ्याला मी घरी घेऊन येतेय."