दहापैकी दोन

सकाळ. कडावच्या घरात अपेक्षा वही घेऊन सासूच्या खाटेशी उभी. भीमाबाईचा गुडघा बदलून पाच आठवडे झालेत.

"आई, दहापैकी किती दुखतं?"

"दोन."

(खरं तर आठ.)

दोनला साधी गोळी. पाचच्या वर गेलं तर जोराची, व्यायामाच्या अर्धा तास आधी. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय.

दुपार. साजगावच्या कारखान्यातून रत्नदीपचा फोन.

"नऊ हाय रं," भीमाबाई पोराला सांगते. "तुजी बायको गोळीच देत नाय."

अपेक्षा दारातच आहे. वहीत लिहिते : मला सांगतात दोन. रत्नदीपला नऊ.

दोन का?

चार वर्षांपूर्वी. सिझरचे टाके ओढत होते, अपेक्षाने गोळी मागितली. भीमाबाई शेजारीण जनाला मोठ्याने म्हणाली, "आमी भाताच्या लावणीत उभ्यानं कळा सोसल्या. ह्यांना मुंगी चावली तरी गोळी." आणि पाकीट वरच्या फळीवर ठेवलं. टाके असताना अपेक्षाचा हात पोचणार नाही इतकं वर.

आता हिच्यापुढे आठ म्हणायचं?

गुरुवार. विनिता, व्यायाम करून घेणारी, कर्जतहून येते. गुडघा किती वाकतो ते मोजते. चौऱ्याहत्तर अंश.

"आजी, येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत नव्वद हवेत. नाहीतर डॉक्टर भूल देऊन वाकवणार. दुखतं म्हणून अंग चोरता का?"

"छे, दुखत नाही त्यांना," अपेक्षा म्हणते. "मुंगी चावल्यासारखं. दोन."

शुक्रवार.

"किती?"

भीमाबाई भिंतीकडे बघते. पुन्हा ते ऑपरेशनचं टेबल. पुन्हा तो दिवा डोळ्यांवर.

"किती, विचारलं."

"आठ. मर तिकडं."

अपेक्षा आठ लिहिते. जोराची गोळी देते. पाकीट परत वरच्या फळीवर. अर्धा तास दोघी घड्याळ बघतात, एकमेकींना नाही. मग अपेक्षा घोटा धरते.

"हळू गं सटवे."

एक.

"तुजा बाप कसाई व्हता का?"

दोन.

"मुडदा बशिवला तुजा."

तीन.

"वीस वेळा वाकवायचाय. शिव्या संपल्या तर सांगा, मला येतात."

संपत नाहीत. अकरा दिवस.

सोमवार. विनिता मोजते. नव्वद.

"सुनेनं चांगलं केलं हं."

"हिनं? हिचा हात हाय का पहार?"

मंगळवार.

"किती?"

"चार." (चार.) भीमाबाई फळीकडे बघत राहते. "तुज्या टाक्यांचं किती व्हतं गं?"

"नऊ."

"मंग परत मागायची गोळी."

"मागितली होती. तीनदा."

अपेक्षा घोटा धरते. आज शिवी येत नाही.

तरी अपेक्षा हात हळू करत नाही.