बिनआवाजी रिले

अण्णांच्या टाचेवरचा फोड बघितला आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोजा काढताना त्याच्याबरोबर कातडं सोलून आलं होतं, आणि अण्णा आपले निवांत पेपर वाचत होते. साखरेच्या दुखण्याने त्यांच्या पावलांना दोन वर्षांपासून काही कळत नव्हतं.

वीस वर्षं वायरिंगची कामं केलेल्या थोरलीने या खोलीच्या फरशीखाली तापणारी तार स्वतःच्या हाताने अंथरली होती. ती तार चालू-बंद करणारा रिले निवडायला तीन दुकानं पालथी घातली होती. बापाच्या बधिर पायांखाली काय येतंय, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तिने फरशीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. भिंतीवरचा थर्मोस्टॅट म्हणत होता, बंद. फरशी मात्र तापतच होती. आधी अण्णांच्या टाचेला पट्टी बांधली, मग फरशीचा मेन स्विच पाडून तिने बोर्डाचं झाकण उघडलं. तिचा मुठीएवढा दणकट रिले गायब होता. त्याच्या जागी काडेपेटीएवढा एक चपटा तुकडा होता, कडेने करपलेला.

"हे कोणाचे प्रताप?"

धाकटा दारात उभा होता, पायात जाड सपाता, हातात फोन. "ताई, तुझं ते धूड सारखं खटखट करायचं. शेजारच्या खोलीत माझ्या मीटिंगा चालतात. हा इलेक्ट्रॉनिक आहे, आवाज नाही. आणि पंचवीस अँपिअरचा आहे. तुझी फरशी चौदाच घेते. वाच, त्याच्यावरच लिहिलंय."

"त्याच्या कागदावरची खालची ओळ वाचलीस? उष्णता ओढून घ्यायला पाठीला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा असेल तर पंचवीस! तू तो लाकडावर ठोकलास, वर झाकण लावलंस. आणि असला रिले जळला की बहुतेक वेळा बंद पडत नाही, चालूच अडकतो!"

"मला काय स्वप्न पडणार होतं?"

"फोन करायला काय झालं होतं? अण्णांची गोळी बदलायची तर डॉक्टरांना चारदा विचारतोस. आणि इथे उंटावरचा शहाणा!"

धाकटा खजील व्हायचा, तर उलट अण्णांकडे वळला. "पण अण्णा, तुम्ही तरी सांगायचं ना, फरशी भाजतेय म्हणून!"

थोरली स्क्रूड्रायव्हर घेऊन गर्रकन वळली. ज्याला भाजल्याचं कळत नाही, त्यालाच जाब विचारतोय हा!

अण्णांनी पेपर खाली केला. "मला कसं कळणार रे? पायांनी माझ्याशी अबोला धरलाय. मी आपला आवाजावर चालायचो. खट् झालं की फरशी तापायला लागली, भाजायला नको म्हणून पाय स्टुलावर. पुन्हा खट् झालं की बंद, उबेला पाय खाली. पंधरा दिवस झाले, खट् ऐकूच येईना. म्हटलं, पाय गेले, आता कानही चालले."

"मग बोलला का नाहीत?" थोरली बोर्ड सोडून त्यांच्यापुढे येऊन बसली.

"आणखी एक दुखणं तुमच्या गळ्यात कशाला?"

धाकट्याने फोन खिशात टाकला. कपाटातून जुना रिले काढून आणला. थोरलीने गाडीतून तसलाच दुसरा आणला आणि दोन्ही एकापुढे एक जोडले, म्हणजे एक अडकला तरी दुसरा तोडेल. राग उतरला नव्हता. भावाकडे न बघताच ती स्क्रू आवळत होती. आवाज दबावा म्हणून तिने पूर्वी बुडाशी रबराच्या चकत्या घातल्या होत्या. त्या परत बसवायला घेतल्या, तसा धाकट्याने तिचा हात धरला.

"नको. वाजू दे मोठ्याने."

तिने चकत्या बाजूला ठेवल्या, झाकण लावलं, आणि तोवर फरशी गार झाली होती म्हणून मेन स्विच वर केला.

खट्.

अण्णांनी लगेच दोन्ही पाय उचलून स्टुलावर ठेवले आणि पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कान शाबूत आहेत माझे."