टिपणीस साहेबांची लावणी

खालापुरात आमची कंपनी बाटल्यांची झाकणं बनवायची. 'आमची' म्हणायची सवय टिपणीस साहेबांनी लावली. ते तिथले एचआरचे प्रमुख. 'काम करायला उत्तम जागा' अशा नावाचा कसलासा पुरस्कार असतो, तो त्यांच्या काळात कंपनीला ओळीनं तीन वर्षं मिळाला. त्यासाठी कॅन्टीनमध्ये टॅबलेटवर फॉर्म भरून घेत. 'तुम्हाला इथे मोकळेपणानं बोलता येतं का?' असा पहिलाच प्रश्न असायचा. साहेब मागे उभे राहून 'हो' कुठं दाबायचं ते दाखवायचे.

मी तिथं अकरा वर्षं पॅकिंगला होतो, पण कंत्राटदाराचा माणूस. कंत्राटी कामगारांचं सुख मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे मला फॉर्म कधी मिळाला नाही. पुरस्कार मिळाल्यावर गुलाबजाम मात्र मिळायचे. त्या बाबतीत कंपनीनं कधी भेदभाव केला नाही.

पुढं पॅकिंगला मशीन आलं आणि आम्हा चाळीस जणांना निरोप मिळाला. साहेबांनी भाषण केलं, "कुटुंबातून कोणी जात नसतं." त्यानंतर गेटवर आमची ओळखपत्रं जमा करून घेतली. मी गावी आलो, पॉवर टिलर घेतला आणि कडावच्या आसपास भातशेतांच्या चिखलणीची कामं धरू लागलो.

दोन वर्षांनी साहेब निवृत्त झाले आणि त्यांनी आमच्याच गावाला लागून दोन एकर घेतले. फार्महाऊस बांधलं, भिंत घातली, कॅमेरे लावले. चिखलणीसाठी त्यांनी मला बोलावलं तेव्हा विचारलं, "तुझं नाव काय?"

"धनेश."

"कुठं पाहिल्यासारखा वाटतोस."

मी म्हटलं, असेन कुठंतरी.

पहिल्या वर्षी त्यांनी शेत अर्धेलीनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, दिलं होतं. या वर्षी मात्र स्वतः करायचं ठरवलं. राबात, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यात, रोपं हिरवीगार झाली, मी चिखलणी करून दिली, आणि लावणीला एक माणूस मिळेना. साहेबांनी तीन दिवस फोन केले. हल्ली तरणी पोरं कंपन्यांत जातात, गोदामांत जातात, लोकांच्या फार्महाऊसवर गवत कापायला जातात. वाकून भात लावणाऱ्या राहिल्यात त्या डोंगराकडच्या ठाकरवाडीतल्या बाया. बारा जणींची एक टोळी, आणि टोळीची पुढारी वनिता. जुलैत तिच्या ओट्यावर आमच्याकडचे शेतकरी असे बसलेले असतात की बँकेतही तेवढे नम्र नसतील.

"मी बोलतो तिच्याशी," साहेब म्हणाले. "माणसं हा माझा विषय आहे, धनेश. पस्तीस वर्षं मी मुलाखती घेतल्यात."

मी त्यांना वाडीत घेऊन गेलो. वनिता टाकळ्याची भाजी निवडत बसली होती. तिनं साहेबांना गोणपाट टाकून दिलं आणि मुलाखत सुरू झाली. फक्त ती कोण घेतंय हे साहेबांना कळायला थोडा वेळ लागला.

"राबात शेण घातलंया का नुसतं खत?" वनितानं विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "शेण घातलंय," मी म्हटलं.

"मंग रोप सुटंल. नायतर तुटतं नि हात कापतात. चाय कवा?"

"दहाला. आणि चारला."

"जेवान?"

"पौष्टिक जेवण असेल."

वनितानं भाजीतून मान वर केली. पौष्टिक म्हणजे काय ते तिनं विचारलं नाही, पण तिच्या तोंडावर ते उमटलं. "आन बायांना जायाला जागा?"

साहेबांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते खुलले. "तीन बाथरूम आहेत!"

"मंग येतो गुरवारी," वनिता म्हणाली. "तुमची रोपं वयात आलीत, त्याच्या म्होरं थांबू नये."

येताना गाडीत साहेब शीळ घालत होते. "पाहिलंस? विश्वास. पहिल्या दहा मिनिटांत विश्वास मिळवायचा."

गुरुवारी सातला बाराही जणी हजर झाल्या, पाठीवर प्लॅस्टिकचे कागद बांधून, डोक्यावर भाकऱ्यांची फडकी घेऊन. साहेबांनी त्यांना आधी पडवीत बसवलं. तिथं पांढरा फळा उभा केलेला होता, त्यावर लिहिलं होतं, 'आपण मजूर नाही, आपण भागीदार आहोत.' वाचता येत होतं त्यातल्या तिघींना. त्या तिघींनी बाकीच्यांना सांगितलं, तेव्हा जनाबाईनं विचारलं, "भागीदार म्हंजे भात पन वाटून देनार का काय?"

"मनानं भागीदार," साहेब म्हणाले.

जनाबाई साठीच्या घरातली. "हा, मनानं," ती म्हणाली.

मग प्रत्येकीला नारिंगी टी-शर्ट दिला. तो लुगड्यावरून कसा घालायचा यावर बराच विचार झाला आणि शेवटी सगळ्यांनी तो डोक्याला गुंडाळला. मग एकमेकींची ओळख. साहेबांनी सांगितलं की प्रत्येकीनं आपलं नाव आणि आपल्याला आवडणारी एक गोष्ट सांगायची. बारा जणी एकाच वाडीत जन्मल्या किंवा नांदायला आलेल्या, त्यातल्या चौघी एकमेकींच्या जावा. त्यांनी गंभीरपणे एकमेकींना आपली नावं सांगितली. जनाबाई म्हणाली, "मी जना. मला लवकर घरी जायाला आवडतं."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

शेतात पाय पडेपर्यंत साडेनऊ झाले. एकदा वाकल्यावर मात्र बाया अशा सुटल्या की बघत राहावं. रोपांच्या मुठी फेकल्या जात होत्या, ओळी मागं सरकत होत्या, कोणीतरी गाणं धरलं होतं. साहेब बांधावर छत्री घेऊन फोटो काढत होते. दर अर्ध्या तासानं ते ओरडायचे, "छान! फार छान!" बाया दचकून वर बघायच्या आणि गाणं तुटायचं.

दुपारी कर्जतहून मागवलेली पाकिटं आली. आत काकडीचं सँडविच आणि एक केळं. बायांनी केळी ठेवून घेतली, सँडविच उघडून आत बघितलं, आणि आपापल्या भाकऱ्या काढल्या. सुकटीचा वास सुटला. मी सँडविच खाल्लं. कोणीतरी खायला हवं होतं.

जेवण झाल्यावर जनाबाई उठून घराकडे गेली. पडवीच्या कडेला बाहेरून दार असलेलं एक बाथरूम होतं. त्याला कुलूप. तिनं साहेबांना विचारलं.

साहेब जरा घुटमळले. "त्याचं काय आहे, टाइल्स नव्या आहेत. शनिवारी पाहुणे येणार आहेत. आणि हे चिखलाचे पाय... तुम्ही तिकडे मागच्या बाजूला जा ना. मोकळंच आहे सगळं."

मागची बाजू मोकळी होती हे खरं. भिंतीच्या खांबावर कॅमेरा होता. त्याखाली पाटी होती, 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात.'

जनाबाई भिंतीपर्यंत गेली, वर बघितलं, आणि तशीच परत आली. ती वनिताच्या कानात काही बोलली. वनिता उठली. ती पाटाकडे गेली, हात धुतले, पाय धुतले, टी-शर्ट डोक्यावरून काढून पिळला आणि बांधावर वाळत घातला. मग दुसरीनं घातला. बघता बघता बांधावर बारा नारिंगी टी-शर्ट ओळीनं पसरले.

साहेबांच्या हातात तेव्हा हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांचे फॉर्म होते. दिवसाच्या शेवटी भरून घ्यायचे होते.

"अहो, काय झालं? अर्धं शेत राहिलंय!"

"अर्ध्या दिसाचं द्या," वनिता म्हणाली. "आमी जातो."

"पण काही अडचण असेल तर बोलायचं ना! इथे मोकळेपणानं बोलता येतं."

"बोलली की जनाबाय," वनिता म्हणाली.

त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या वाल्मिकच्या शेतात होत्या.

वाल्मिक आमच्या गावातला सगळ्यात तोंडाळ माणूस. देवालाही शिवी दिल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. वही घेऊन ते मला म्हणाले, "चल, बघू तरी तो काय करतो."

वाल्मिक कमरेपर्यंत चिखलानं माखला होता आणि मुठी पुरवता पुरवता ओरडत होता, "ए भवाने, ओळ बघ तुझी, नागीन चाल्लीया का काय!" आणि ती भवानी, म्हणजे वनिताच, हसून त्याला त्याच्या बापाच्या ओळीची आठवण करून देत होती. बांधावर वाल्मिकच्या बायकोनं, छायावहिनीनं, चूल मांडली होती. मोठ्या टोपात भात, बोंबलाचं कालवण. पलीकडे चार बांबू रोवून भोवती ताडपत्री गुंडाळली होती, आत पाण्याचा ड्रम आणि डबा. दार म्हणून जुनी चादर.

साहेबांनी ते सगळं वहीत लिहिलं. मग वाल्मिकला विचारलं, "तुमचं धोरण काय असतं?"

"कसलं?"

"म्हणजे ही माणसं तुमच्याकडेच पहिल्यांदा का येतात?"

वाल्मिकनं विचार केला. त्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता. "मी टेंपो पाठवतो," तो म्हणाला. "आन काळोख पडायच्या आत सोडून येतो. वाटंत वढा हाय ना."

"बस, एवढंच?"

"मंग काय डान्स करू?"

साहेब जनाबाईकडे वळले. त्यांनी तिला अगदी आदरानं विचारलं की आसपासच्या शेतकऱ्यांमध्ये त्यांचा स्वतःचा नंबर कितवा. जनाबाई चिखलात उभी राहून बोटांवर मोजू लागली. वाल्मिक, मग खालच्या आळीतला विकास, मग शाळेतले गुरुजी. एक हात झाला, दुसरा झाला. मग तिनं वनिताला विचारलं, "त्यो गेल्या साली आपल्यावर कुत्रा सोडनारा कोन गं?"

"त्याच्या वर हायेत हे," वनिता म्हणाली.

"हा. कुत्र्यावाल्याच्या वर."

साहेब त्या संध्याकाळी आपल्या शेताच्या बांधावर बसले होते. मी टिलर न्यायला गेलो होतो. अर्धं शेत लावलेलं, अर्ध्यात नुसतं गढूळ पाणी. मला बघून ते म्हणाले, "धनेश, मी चुकलो कुठं?"

कंपनीत त्यांनी हा प्रश्न कागदाशिवाय विचारल्याचं मला आठवत नाही. माझ्या जिभेवर अकरा वर्षांचं बरंच काही आलं. पण माणूस खरोखर केविलवाणा दिसत होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका पायात चप्पल नाही. मी एवढंच म्हटलं, "साहेब, बाथरूमचं कुलूप काढा."

"टाइल्स..."

"धुता येतात, साहेब."

त्यांनी कुलूप काढलं. वाडीत ते एकटे गेले, मला न घेता. परत येऊन म्हणाले की वनितानं त्यांना वेळ दिलीय, दहा दिवसांनी. मधले दिवस दुसऱ्यांना दिलेले होते आणि ती शब्द मोडणारी नव्हती. या दहा दिवसांत साहेबांनी डाळ-भात आणि सुकटीची चटणी करायला बाई ठरवली, टेंपो सांगितला, आणि मागचा कॅमेरा रस्त्याकडे वळवून घेतला. फळा मात्र पडवीत तसाच होता.

बाया आल्या, लावून गेल्या. कोणी ओळख करून घेतली नाही. बांधावर छत्री होती, पण तिच्याखालून 'छान' आलं नाही. जनाबाई बाथरूममधून बाहेर आली आणि म्हणाली, "गुळगुळीत हाय, पडले आसते."

राबातलं रोप थांबत नसतं. दहा दिवसांत त्याला गाठी धरल्या होत्या. आधीच्या अर्ध्या शेतात भात गुडघ्याच्या वर गेलं, फुटवे धरले. दुसऱ्या अर्ध्यात ते विरळ राहिलं, जणू कोणी मोजून मोजून लावलंय. कापणीला साहेबांच्या घरी वर्षभर पुरेल एवढं भात आलं, पण मित्रांना तांदूळ वाटायचे म्हणून त्यांनी नावासकट छापून घेतलेल्या पिशव्यांपैकी दोन तृतीयांश पडून राहिल्या.

दिवाळीनंतर खालापूरच्या एका रिसॉर्टवर एचआरवाल्यांचा मेळावा झाला. साहेबांना वक्ते म्हणून बोलावलं होतं. विषय, 'चिखलानं मला शिकवलेले सात धडे.' मला ते सोबत घेऊन गेले. एसी हॉलमध्ये दीडशे माणसं. पडद्यावर जनाबाईचा फोटो, वाकलेली, डोक्याला नारिंगी टी-शर्ट. साहेब चांगलं बोलले. ऐकणं, सन्मान, विश्वास. ताडपत्रीच्या आडोशाबद्दल बोलताना त्यांनी रुमाल काढला. वाल्मिकचा उल्लेख त्यांनी 'एक स्थानिक व्यवस्थापक' असा केला. अर्धं शेत विरळ का राहिलं ते मात्र सात धड्यांत आलं नाही. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, आणि दोन कंपन्यांनी त्यांना सल्लागार म्हणून या असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवरून जात होतो तेव्हा वनिता झोळी विणत बसली होती, शेजारी जनाबाई. मी त्यांना सगळं सांगितलं. जनाबाईला आपला फोटो भिंतीएवढा होता हे ऐकून हसू आवरेना.

"आन ती मानसं काय करत व्हती?" वनितानं विचारलं.

"बसून ऐकत होती."

"किती येळ?"

"दीड तास."

"वाकायचं नाय काय नाय?"

"खुर्च्या होत्या. गाद्यांच्या."

"जेवान?"

"चार भाज्या, दोन गोड."

वनितानं दोरा दातांनी तोडला आणि जनाबाईकडे पाहिलं. "ह्ये काम बरं हाय," ती म्हणाली. "दादा, पुढल्या येळी मानसं लागली तर आमाला सांग. बारा जनी हावो."