अर्धा न

“अक्का, पुन्हा एकदा लावून बघ,” विश्वजित म्हणाला.

मी संगणकामागून ते अंगठ्याएवढं लॉक काढलं, पदरानं पुसलं आणि परत खोचलं. पडद्यावर तीच ओळ आली. लॉक सापडले नाही. सापडले नाही म्हणे. हातात धरून बसले होते मी त्याला. आदल्या दिवशीच्या विजेच्या झटक्यात ते जळलं होतं आणि त्याच्याशिवाय ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. पुण्याच्या कंपनीला फोन लावला तर नंबर बंद. एस.टी. पकडून गेले, तर त्या पत्त्यावर साड्यांचं दुकान. “कंपनी दोन वर्षांमागंच गुंडाळली की,” दुकानदार म्हणाला आणि मला साड्या दाखवायला लागला.

त्या बंद सॉफ्टवेअरच्या आत अप्पांचा शब्दकोश होता. माझे वडील, शिवमूर्ती मास्तर. शिरोळ भागातल्या प्राथमिक शाळांत पस्तीस वर्षं घासली आणि कर्नाटक सीमेवरच्या बोलीचे चार हजार शब्द जमवले, एकेका कार्डावर एकेक. मी ते कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात सात वर्षं टाईप केले. पुरं झाल्याशिवाय छापायचं न्हाय, हा त्यांचा हट्ट. नमुन्याची चार पानं तेवढी काढली होती. कार्डांची ट्रंक शिरोळच्या घरात होती. दोन हजार पाचच्या पुरात कार्डांचा लगदा झाला. तेव्हा अप्पा म्हणाले होते, “जाऊ दे. तुज्या डब्यात हाय की सगळं.”

आणि हा विश्वजित, शेजारच्यांचा. नव्व्याण्णव साली इंजिनिअरिंगला असताना मासिकाबरोबर आलेली सॉफ्टवेअरची एक सीडी घेऊन दुकानात आला होता. “ह्यात करूया. फुकट हाय, आन् आतलं सगळं उघडं हाय. कुणीबी बघावं, दुरुस्त करावं.”

अप्पांनी विचारलं, “त्याचा धनी कोण?”

“धनी न्हाय, मास्तर. सगळ्यांचं हाय.”

“मग बिघडलं तर कुणाच्या दारात जायाचं?”

मीच मोठी शहाणी. त्या सीडीतल्या मराठीत तेव्हा जोडाक्षरं तुटायची. मी हसून म्हणाले, “ह्याला तर न्हायसुदिक म्हणता येत न्हाय.” तो म्हणाला, “कोणतरी करंल की नीट.” खरंच कुणीतरी केलं, पाच-सहा वर्षांत. तोवर आम्ही धनी असलेलं घेऊन बसलो होतो. माझंच चुकलं, दुसऱ्या कुणाचं नाही.

विश्वजित तीन महिने त्या फाईलशी झटला. कंपनीनं प्रत्येक अक्षराला आपला आकडा दिलेला, आणि तो कुठेच सांगितलेला नाही. नमुन्याच्या पानांशी ताडून त्यानं पूर्ण अक्षरं ओळखली. अर्धी अक्षरं मात्र त्या लॉकमधून यायची. फाईलमध्ये त्यांचा मागमूस नव्हता.

“अक्का, जेवढं निघतंय तेवढं काढतो,” तो म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता.

निघालं ते असं. अक्काची अका झाली. अव्वाची, म्हणजे आईची, अवा. न्हायचं हाय. मूळ शब्द काय होता ते आता एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार तर सहा महिने.

कागदांचा गठ्ठा मी अप्पांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

“अप्पा, माफ करा मला.”

“लाल पेन दे,” ते म्हणाले.

रोज सकाळी अंथरुणावर बसून ते अर्धी अक्षरं घालायचे. अक्षर शाळेतलंच, वळणदार. मी मध्येच म्हणायचे, “अप्पा, मी ओळखून घालते की थोडी.”

“तू शिकायला म्हणून कोल्हापुरात वाढलीस. तुला न्हाय कळायचं. हिथं हाय म्हणलेलं हाय का न्हाय म्हणलेलं, ते मी ऐकलंय.”

क झाला, च झाला, त लागला. तम्माच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या, जागी आलेला तमा बघून ते खुदकन हसले. मी पाहिलेलं ते त्यांचं शेवटचं हसणं. द संपवला त्या आठवड्यात त्यांनी अन्न सोडलं आणि सोमवारी गेले.

तेराव्यानंतर विश्वजित आला. दारातच उभा राहिला. “पुढचं काय करायचं, अक्का?”

“काय करणार? कुणाला इचारू?”

तो गेल्यावर मी गठ्ठा घेतला. दपर्यंत लाल, पुढे कोरा. सव्वादोन हजार शब्द उरले होते, आणि कुठं काय गळलं ते सांगायला कुणी नव्हतं. धचं पान उघडलं. पहिल्याच काही शब्दांत धनी होता. अर्थ, मालक, घरकर्ता. खाली अप्पांचं उदाहरण: या घराला आता धनी हाय.

एवढं एकच मला कुणाला विचारावं लागलं नाही. मी लाल पेन उघडलं आणि हायच्या आधी अर्धा न घातला.