वास नसलेलं पाणी

आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात मला सगळे 'नाक' म्हणतात. माझ्या नाकावर कायम राग असतो म्हणूनही म्हणत असतील, मेले, पण खरं कारण माझं काम. शहराला सोडायचं पाणी काचेच्या चंबूत कोमट करायचं, बूच काढायचं आणि डोळे मिटून हुंगायचं. मातीचा, शेवाळाचा, गंजाचा, कसलाही वास नको. त्यासाठी माझ्याही अंगाला वास चालत नाही. पावडर नाही, केसांना तेल नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. लग्नाकार्यातही मी अशीच कोरडी ठणठणीत जाते.

आणि माझ्याच आईने माझ्या पाण्याला तोंड लावणं सोडलं.

तिचं हल्ली सगळंच धूसर झालंय. खिडकीपाशी बसते, पडदा हलला की मान हलवते, मधूनच हसते. पेला पुढे केला की हुंगते आणि बाजूला ठेवते. "आत्ता नको." का नको, तर "नको म्हटलं ना!"

मी गच्चीवरची टाकी घासली. माठ बदलला. पाणी उकळून गार केलं, केंद्रातून वाळूच्या गाळणीखालचं ताजं पाणी बाटलीत भरून आणलं. प्रत्येक पेला स्वतः हुंगला. छे! काही म्हणजे काही नाही. शेवटी माझा तोल गेला. "अगं, अख्खं शहर हेच पाणी पितं, तूच काय आभाळातून पडलीस?" मी ओरडले. ती माझ्याकडे दुसऱ्याच्या घरच्या मुलीकडे पाहावं तसं पाहत राहिली.

डॉक्टरांनी बजावलं, आज संध्याकाळपर्यंत प्यायल्या नाहीत तर दवाखान्यात न्या. दवाखाना! मागच्या खेपेला तिने सलाईनची सुई उपटली म्हणून तिचे हात पलंगाला बांधले होते. ते हात मला पुन्हा बघायचे नव्हते.

नेमकी त्याच दिवशी क्लोरीनवाल्याची पाठ धरली. साहेब म्हणाले, "आजच्या दिवस तुम्ही बसा तिकडे."

"आणि उद्या माझ्या नाकाचं काय?"

"उद्याचं उद्या बघू हो."

चडफडत बसले. क्लोरीनच्या खोलीच्या खिडकीतून निवळणीचा हौद दिसतो. गाळ खाली बसावा म्हणून तिथे पाणी इतकं सावकाश चालतं की चालतंय हेच कळत नाही. वरून ढग जात होते, खालून तेच ढग जात होते. बघता बघता माझी पापणी जड झाली. वाटलं, आई त्या तळाशी खुर्ची टाकून बसलीय, आणि मी काठावरून हाका मारतेय, पण आवाज पाण्यात शिरतच नाहीये. पंप बदलताना धडधडला तेव्हा दचकून जागी झाले.

कामाची पाळी संपल्यावर अंघोळीलाही थांबले नाही. तसंच घर गाठलं. खोलीत पिवळसर ऊन तरंगत होतं. पेला भरला आणि आईपुढे वाकले.

तिने पेला हुंगलाच नाही. माझी बाही हुंगली. आणि तिचा चेहरा असा उजळला, जसा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"आलात? किती हो उशीर! कधीची थांबलेय मी."

तिने पेला घेतला आणि गटागटा पिऊन टाकला.

माझे वडील याच केंद्रात क्लोरीनवर होते. ते गेले त्याला वर्षं लोटली. ते कामावरून येईपर्यंत आई घोटभर पाणीही घ्यायची नाही. आम्ही भावंडं त्यावरून तिला किती चिडवायचो! आणि मी बावळट, पाण्यात काय मिसळलंय तेच शोधत बसले होते. आई त्या वासाची वाट बघत होती.

आईने मला जवळ ओढलं. दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ऐका ना. पोरगी हल्ली फार ओरडते माझ्यावर."

मी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"पण तिला काही बोलू नका हं," ती म्हणाली. "दमून येते बिचारी."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "नाही बोलणार," मी म्हटलं, आणि तिला आणखी पाणी ओतून दिलं.