जास्तीचे थांबे

मित्रांनो, लाकडी होडीला लाज वाटते, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण मला वाटते. मी एक जुनी मोटरहोडी आहे. माझं इंजिन सुरू झालं की टिट-टिट-टिट असा आवाज करतं, म्हणून सगळे मला टिटवी म्हणतात. माझ्या पितळी पाटीवर खरं म्हणजे एक भारदस्त नाव कोरलेलं आहे, पण त्या नावाने मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही.

मला दोन भावांनी बांधलं. एक मोजायचा, दुसरा कापायचा, आणि माप चुकलं की दोघं दिवसभर एकमेकांशी बोलायचे नाहीत. त्या अबोल्यात काम मात्र झकास व्हायचं. त्यांनी फळ्या वाफेवर मऊ करून वाकवल्या, तांब्याच्या खिळ्यांनी सांगाड्यावर बसवल्या, फटींमध्ये कापसाच्या वाती ठोकून वर लांबीचा लगदा भरला. मग रंग, आणि रंगावर रोगण. मी पाण्यात उतरले त्या दिवशी दोघं भाऊ माझ्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांकडे बघत हसले. तेवढंच त्यांचं कौतुक. मला ते पुरलं.

पहिली कितीतरी वर्षं मी गुरांच्या डॉक्टरांकडे होते. तेव्हा नदीकाठाला धड रस्ता नव्हता. डॉक्टर माझ्यातून गोठ्यागोठ्याला जायचे. आजारी वासरं, घाबरलेल्या शेळ्या, एकदा तर एक चिडखोर खेचर, अशी सगळी पाहुणेमंडळी मी वाहिली. पुढे पूल झाला, रस्ता झाला, डॉक्टरांनी मोटार घेतली. मी एका झाडाखाली उपडी पडून राहिले. माझ्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

तिथून मला आप्पांनी उचललं. आप्पांचं चष्म्याचं दुकान होतं. नाजूक काम करणारी त्यांची बोटं माझ्या फळ्यांवरून फिरायची, तेव्हा मला वाटायचं, आता मी दुरुस्त होणारच. दुकान बंद केल्यावर ते रोज येत. खरवडत, घासत, ठोकत. माझ्यामुळेच त्यांची आणखी चारदोन होडीवेड्यांशी ओळख झाली आणि जुन्या होड्यांचा क्लब निघाला. पाण्यावर एक लांब शेड, तिच्यात आमच्या होड्या, आणि मधल्या लाकडी ओट्यावर खुर्च्या टाकून क्लबच्या बैठका.

दर वर्षी शनिवार-रविवारची एक सहल निघायची. तिचा बेत आप्पा आखायचे. कुठे गाळ आहे, कुठे वळण फसवं आहे, बंधाऱ्यावरचा माणूस जेवायला कधी जातो, सगळं त्यांच्या डोक्यात. मी सगळ्यांच्या पुढे असायची. पुलावरून लोक हात हलवायचे. खोटं कशाला सांगू, मी फार मिरवायची.

आणि मग एका वर्षी आप्पा आले नाहीत. "ऊन सोसत नाही," म्हणाले. पुढच्या वर्षी म्हणाले, "कंबर धरते." नंतर त्यांनी शेडवर येणंच सोडलं. मला पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर ठेवलं. लाकडी होडी कोरडी पडली की तिच्या फळ्या आक्रसतात, मित्रांनो. माझ्याही आक्रसल्या. फटींतून उजेड दिसू लागला.

यंदा क्लबला पंचवीस वर्षं झाली, आणि सहल मोठी काढायचं ठरलं. नदीने वर, बंधारा ओलांडून जुन्या पिठाच्या गिरणीपर्यंत. रात्री तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांची होडी लांबलचक, तुकतुकीत, आणि त्यांचं हसूही तसंच. ते म्हणाले, "आप्पांशिवाय कसली पंचविशी? टिटवीच पुढे पाहिजे."

आप्पांचा मुलगा पंप आणि मोटारी दुरुस्त करतो. त्याने छाती पुढे काढून सांगितलं, "बाबा येणार म्हणजे येणार. मी आणतो त्यांना." बेत आखण्याचं काम त्याच्या बायकोकडे आलं, कारण ती बसच्या वेळापत्रकांच्या कचेरीत आहे. कुठली बस कुठे किती थांबते, हे ठरवण्यात तिचा जन्म गेला आहे.

मुलाने मला घाईघाईने पाण्यात उतरवलं. क्लबची सगळी मंडळी बघायला जमली होती. आणि मी गळले. थोडीथोडकी नाही, सगळीकडून. पाणी बाकांपर्यंत आलं. कुणीतरी हसलं. मुलगा वैतागून ओरडला, "भंगार झालीय ही! काडीची किंमत राहिली नाही!" पुलावरून हात हलवून घेणारी मी! तळाशी जाऊन बसावं, असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सून आप्पांना घेऊन आली. कसं मनवून आणलं कोण जाणे. आप्पांनी माझ्या कडेवर हात ठेवला. "ओरडायला काय झालं त्याला?" ते पुटपुटले. "लाकूड आहे. पाणी पिऊ दे. आठवडाभरात फुगेल, फटी आपोआप मिटतील." मग बादली घेऊन ते माझ्यात उतरले आणि पाणी उपसू लागले. सून धक्क्यावर थर्मासमधून चहा ओतत होती.

मध्येच आप्पा ताठ झाले. बादली टाकून त्यांनी धक्क्याची कड पकडली, एक पाय वर टाकला, आणि तिथेच थांबले. त्यांची पँट भिजत गेली. क्षणभर ते डोळे मिटून उभे राहिले. मग खाली वाकले, बादली भरली आणि स्वतःच्या कमरेवर ओतून घेतली.

"सांडली बादली," वर न बघता ते म्हणाले.

सुनेने सगळं पाहिलं होतं.  पण ती मोठ्याने माझ्यावरच डाफरली, "ही होडी म्हणजे ना, आप्पा! भिजवलंच ना शेवटी तुम्हाला! थांबा, टॉवेल आणते."

मला मुळीच राग आला नाही. माझ्या गळण्याचा कुणाला तरी आडोसा झाला, तर होऊ दे. पण आप्पांची मान वर झाली नाही. ऊन आणि कंबर म्हणजे काय होतं, ते त्या दिवशी आम्हा दोघींना कळलं.

पुढच्या बैठकीत सुनेने बेत मांडला. नदीचा नकाशा खुर्चीला टेकवून तिने एकेका जागेवर बोट ठेवलं. बागेचा धक्का, विटांचा धक्का, शाळेमागचा घाट, पुलाखालचा पार... अध्यक्ष ऐकत होते, मग हसायला लागले.

"अहो, ही सहल आहे की पासिंजर? सुटलो की थेट गिरणीला. दुपारी जेवण तिथे. वर्तमानपत्राचा फोटोवाला वाट बघणार आहे."

"जुनी इंजिनं तापतात," सून म्हणाली.

"नदीच्या पाण्यानेच तर गार होतात ती."

"लोकांना पाय मोकळे करायला..."

"बसूनच तर जायचंय!"

मंडळी हसत होती. आप्पा शेवटच्या खुर्चीत, आपल्या बुटांकडे बघत बसले होते. सुनेने त्यांच्याकडे मुद्दामच पाहिलं नाही. तिने नकाशाची गुंडाळी केली आणि म्हणाली, "मला सारखं लघवीला लागतं. बाळंतपणापासून. धरवत नाही मला. थांबे असतील तरच मी येईन. आता हसा."

कुणी हसलं नाही.  तिचा नवरा लालबुंद झाला. "अगं, चारचौघांत काय बोलतेस हे!" तो दबक्या आवाजात म्हणाला. आणि मला ठाऊक होतं, मित्रांनो, की हे सगळं साफ खोटं आहे. परवाच ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्यात बसून माझं पितळ घासत होती, आणि एकदाही उठली नव्हती.

तेवढ्यात बेकरीवाल्या मावशी, ज्यांची निळी होडी माझ्या शेजारी असते, खाकरून म्हणाल्या, "थांबे राहू द्यात. मला विटांचा धक्का हवाच आहे. कारण विचारू नका."

थांबे राहिले. अध्यक्षांनी घाईघाईने सगळ्यांना चहा मागवला. आप्पा मात्र चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सून माझ्यात गाद्या लावत होती. आप्पा आले आणि धक्क्यावरूनच बोलले, "तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"माझी लाज तू स्वतःच्या डोक्यावर घेतलीस. लोक तुझ्याकडे बघून कुजबुजतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. मी येणार नाही."

सून गादी हातात धरून उभी राहिली. "नका येऊ," ती म्हणाली. "पण मी दर थांब्याला उतरणार. आता बोलून बसलेय ना. रिकामीच जाईन आणि रिकामीच परत येईन. तुम्ही घरी निवांत पेपर वाचा."

 परत जाताना आप्पांनी माझी दोरी उगाचच सोडून पुन्हा बांधली.

शनिवारी ते आले. माझ्या फटी तोवर बऱ्याचशा मिटल्या होत्या, तरी थोडं पाणी येतच होतं. म्हणून मुलाने माझ्या पोटात एक नवा पंप बसवला होता. तो चालू झाला की बाजूच्या नळीतून पाण्याची धार पडायची आणि आवाज तर विचारूच नका.

बागेच्या धक्क्याला सून उतरली. आप्पा सुकाणूशी बसून राहिले. ती झाडीमागे गेली, परत आली. विटांच्या धक्क्याला पुन्हा तेच. मावशीही उतरल्या, आणि दोघी हसत परत आल्या. शाळेमागच्या घाटाला मात्र आप्पा उठले. कुणाकडे न बघता उतरले, कुणाकडे न बघता परत येऊन बसले. कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, जमलं.

पण पुढे बंधारा होता. बंधाऱ्याच्या कडेला दोन दारांची एक खोल दगडी कुंडी आहे. होड्या आत घ्यायच्या, मागचं दार लावायचं, पाणी सोडायचं, की होड्या हळूहळू वरच्या पातळीला येतात. आम्ही सगळ्या आत शिरलो, अंगाला अंग लावून. मागचं दार बंद झालं. आणि पुढची झडप अडकली. बंधाऱ्यावरचा माणूस पान्हा आणायला गेला, तो येईचना. वरून कठड्यावर रेलून लोक आमच्याकडे बघत होते. फोटो काढत होते. दोन्ही बाजूंना उंच, ओल्या भिंती. उतरणार कुठे?

आप्पांचे हात सुकाणूवर घट्ट झाले. सुनेने पाहिलं. काय करावं, तिलाही सुचेना. वेळापत्रकात ही जागा नव्हती. आप्पांनी एकदा वर पाहिलं, एकदा सुनेकडे. मग मुलाला हाक मारली.

"मला जायचंय," ते म्हणाले.  "आत्ता. मला धरवत नाही. बरीच वर्षं झाली. ती बोलली ना परवा, ते माझं होतं."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. एका क्षणात त्याला दोन माणसांची क्षमा मागायची होती, आणि वेळ तर नव्हताच. त्याने माझ्या छपराच्या कडेला गुंडाळलेली कनातीची कापडं खाली सोडली, सरबताचा रिकामा जग आप्पांच्या हातात दिला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग पंप चालू केला. घरघराटाने कुंडीच्या भिंती दणाणल्या आणि माझ्या कडेतून धो धो धार पडू लागली.

"अरे, टिटवी गळतेय!" अध्यक्ष ओरडले. वरचे लोक खिदळले.

"गळतेय!" मुलगा छाती काढून ओरडला. "जुनी आहे, गळणारच! तुम्हाला काही त्रास?"

मित्रांनो, इतक्या लोकांसमोर माझी अशी शोभा कधी झाली नव्हती. मला लाज वाटली का? वाटली. पण मी धार आखडती घेतली नाही.

झडप एकदाची सुटली. गिरणीला पोचेपर्यंत आप्पा काठाकडे तोंड करून बसले होते. मुलगा दोनदा त्यांच्या जवळ जाऊन परत आला. तिसऱ्यांदा नुसताच शेजारी बसला आणि म्हणाला, "मला सांगायचं होतंत, बाबा."

"हे कसं सांगतात?" आप्पा म्हणाले.  

फोटोला आप्पा उभे राहिले, पण अगदी कडेला, अर्धे मावशींच्या मागे. जेवण त्यांनी थोडंच केलं. लाज अशी एका दिवसात निघून जात नाही. माझ्या फळ्यांना फुगायलासुद्धा आठवडा लागला होता.

रविवारी सकाळी सून माझ्या बाकावर नकाशा पसरून परतीचे थांबे बघत होती. आप्पा येऊन उभे राहिले.  मग खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर लावला आणि नकाशावर बोट ठेवलं.

"पुलाखालचा पार घेऊ नकोस. तिथे गाळ आहे, पाय रुततो. त्याच्या अलीकडे एक पायऱ्यांची जागा आहे, झाडी दाट आहे." बोट पुढे सरकवून ते म्हणाले, "आणि बंधाऱ्याच्या आधी एक थांबा टाक. तिथे नेहमीच उशीर होतो."

सुनेने मान खाली घालूनच तो लिहून घेतला.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातलं कुणी, एरवी हौसेने येणारं माणूस, एकाएकी "तुम्ही जा, मी घरीच बरा" म्हणू लागलं, तर त्याचं मन उडालं असं लगेच समजू नका. चारचौघांत कारणही विचारू नका. तुमच्या बेतात गुपचूप एक थांबा वाढवा, तिथे आधी स्वतः उतरा, आणि ते माणूस उतरेल तेव्हा दुसरीकडे बघा.